इंग्लंडमधलं आल्म्सहाउस म्हणजे आपला वृद्धाश्रमच ना? विंचेस्टरचं सेंट क्रॉस मुद्दाम जाऊन पाहण्यासारखं आहे का?

आहे. आल्म्सहाउस म्हणजे गरीब, निराधार म्हाताऱ्यांना राहायला जागा देणारी धर्मादाय संस्था, आणि सेंट क्रॉस त्यातलंच एक. पण तुमचं ते 'वृद्धाश्रमच ना' वाचलं आणि आमचा मामा आठवला, म्हणून लिहायला बसले.

मामा माळकरी. माझ्याकडे इंग्लंडला आला तेव्हा त्याला सेंट क्रॉसला नेलं. तिथे दारावर मागितलं तर आजही वाटसरूला पावाचा तुकडा आणि शिंगाच्या पेल्यात घोटभर बिअर मिळते, मध्ययुगापासूनची रीत आहे. मामानं पाव कपाळाला लावून खाल्ला, पेला माझ्याकडे सरकवला आणि आत शिरता शिरता म्हणाला, "म्हणजे म्हाताऱ्यांना टाकायचीच जागा की गं ही!"

मी त्याला धुराडी दाखवली. चौकाच्या पश्चिमेला दुमजली दगडी ओळ आहे आणि तिच्या छपरावर उंचच उंच धुराडी. इतकी सगळी धुराडी कशाला? तर 1445 च्या सुमारास विंचेस्टरचा बिशप कार्डिनल बोफर्ट यानं संस्था वाढवली, तेव्हा म्हाताऱ्यांसाठी एका दालनात खाटांची रांग लावली नाही. एका जिन्यावर चार बिऱ्हाडं, ज्याची त्याची खोली, ज्याची त्याची शेगडी. आपल्याकडे चूल वेगळी झाली की घर फुटलं म्हणतात. इथे वेगळी चूल हाच निराधार माणसाचा मान.

आणि आमची आजी? मामानं तिला 'घरीच ठेवली'. तिसरा मजला, लिफ्ट नाही, खाट हॉलमध्ये. पाहुणे आले की तिनं उठून बसायचं. शेवटची दोन वर्षं ती खाली उतरलीच नाही. मी एक चांगली जागा पाहून आले होते, तर "लोक काय म्हणतील?"

तेवढ्यात लाल झग्यातले एक आजोबा बाहेर आले, दार ओढून घेतलं, किल्ली खिशात टाकली. मामा बघत राहिला. "किल्ली त्याच्याकडेच?" बस येईपर्यंत पुढे एक शब्द नाही.

बाकी इतिहास: 1130 च्या दशकात बिशप हेन्री ऑफ ब्ल्वा यानं, म्हणजे इंग्लंडचा राजा स्टीफन याच्या भावानं, 13 गरिबांना आसरा आणि रोज 100 जणांना जेवण म्हणून ही संस्था काढली. त्या 13 जणांच्या परंपरेतले रहिवासी काळ्या झग्यात, बोफर्टनं वाढवलेल्या शाखेतले लाल. चर्चमध्ये एकमेकींत गुंतलेल्या अर्धगोल कमानी नक्की बघा. जिथे दोन कमानी छेदतात तिथे आपोआप टोकदार कमान तयार होते.

हां, सगळंच गोड नाही. जागा फक्त पुरुषांना. आणि 1808 मध्ये विंचेस्टरच्या बिशपनं स्वतःच्याच मुलाला इथला प्रमुख नेमलं. या मुलानं (तो पुढे अर्ल ऑफ गिलफर्ड, म्हणजे सरदार, झाला) संस्थेचं उत्पन्न वर्षानुवर्षं खिशात घातलं. 1853 मध्ये कोर्टानं फटकारलं. हे मी मामाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्यानं इथे वाचलं तर आज रात्री फोन येणार.