जेलीची परात आणि चपलेचा बक्कल

प्रश्न : नमस्कार मावशी. माझी मुलगी परवा सात महिन्यांची झाली. ती ३५व्या आठवड्यातच जन्मली, पण आता अंगाने छान भरली आहे. आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दर शनिवारी बाळांसाठी ‘सेन्सरी प्ले’चा, म्हणजे स्पर्श, आवाज, रंग यांच्या खेळांचा, क्लास असतो. आठ शनिवारांचे ४,८०० रुपये भरले, दोन झाले. पहिल्याच दिवशी जेलीच्या परातीत हात घालायला लावला तर ती किंचाळून रडली. दुसऱ्या वेळी दिवे आणि गाणी सुरू झाली की सारखी तोंड फिरवत होती. बाकीची बाळं मजेत खेळतात. ग्रुपवर फोटो येतात, त्यांत माझीच तेवढी रडवेली. सासूबाई म्हणतात, “पैसे मोजून पोराला चिकट्यात बसवायचं?” नवरा म्हणतो, बंद कर. तिच्या वाढीत काही कमी तर नाही ना? क्लास सोडू का?
— एक आई, वाकड, पुणे

उत्तर : अगं, आधी वयाचा हिशेब करू. पूर्ण दिवस ४० आठवड्यांचे धरतात. तुझी लेक पाच आठवडे आधी आली, म्हणजे वाढीच्या मापाने ती सात महिन्यांची नाही, सहासुद्धा पुरते नाहीत. पहिली दोन वर्षं तिचं काय येतं, काय येत नाही, हे या मापानेच बघायचं. शेजारचा आठ महिन्यांचा गलेलठ्ठ बंडू जेलीत लोळत असेल, तर लोळू दे त्याला.

आता रडण्याचं. गार, बुळबुळीत, हाताला धरता न येणारं काहीतरी एकदम तळहाताखाली आलं, तर तू काय केलं असतंस? तिने तेच केलं. आणि तोंड फिरवणं ही त्या वयाची भाषा आहे. पुरे झालं, हे ती अशीच सांगणार. जांभई देईल, उचकी लागेल, बोटं फाकवेल, पाठ ताठ करेल. तेव्हा तिला उचलून जरा बाहेर व्हरांड्यात न्यायचं, शांत झाली की परत आणायचं. परत यावंसं वाटलं नाही तर घरी जायचं. ४५ मिनिटांचे पैसे भरलेत म्हणून ४५ मिनिटं बसवायला हा सिनेमा नाही.

मागच्या डिसेंबरात लेक आणि नातवाबरोबर मी ठाण्यात अशाच एका क्लासला गेले होते. ३१ वर्षं बालवाडी चालवलेली बाई मी, नाक मुरडतच गेले, हे कबूल करते. बारा बाळं, त्यांच्या बारा आया, एक बिचारा बाबा. बुडबुड्यांचं यंत्र, रंगीत तांदूळ, चमचमणारे दिवे, आणि गाण्याचा आवाज इतका, की माझ्याच कानांत दडे बसले. पाऊण तासात सात प्रकार! एका गोष्टीकडे बघून होतंय तोवर दुसरी समोर. आमचे चिरंजीव त्यातल्या कशालाच बधले नाहीत. ते सरपटत दाराशी गेले आणि कुणाच्या तरी चपलेचा बक्कल वीस मिनिटं उलटसुलट करत बसले. चपला लांब ठेवायला हव्या होत्या, ते वेगळं. पण ती वीस मिनिटं म्हणजेच खेळ, बाकीची सजावट.

एक प्रकार मात्र मला फार आवडला. बाळांना पोटावर झोपवून समोर आडवा आरसा ठेवला होता. पोटावर खेळवणं पुष्कळ घरांत राहूनच जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात, न रांगणाऱ्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं पोटावर ठेवा, असं आहे. ते घरी सतरंजीवरही होतं, पण क्लासमुळे आठवण राहते.

आणि क्लास संपल्यावर कुणी लगेच हललं नाही. चहा आला. एक मुलगी म्हणाली, “आज तीन दिवसांनी मोठ्या माणसाशी बोलतेय.” म्हणून तुला विचारते, तुला तिथे जाऊन बरं वाटतं का? वाटत असेल तर उरलेले सहा शनिवार जरूर जा, स्वतःसाठी जा. लेकीला मांडीवर घे, तूच आधी जेलीत बोट घाल, तिला नुसतं बघू दे. तिचा हात धरून आत घालायचा नाही. आणि क्लासच्या बाईंना सांग, गाण्याचा आवाज निम्मा करा. सांगायला लाजू नकोस, बाकीच्या आया आभार मानतील.

बाईंना आणखी दोन गोष्टी विचार. परातीत कोरडे चणे, राजमा, साबुदाणा असतो का? असेल तर नको. या वयात जे हाती येईल ते तोंडात जातं. माझ्या बालवाडीत १९९१ साली एका साडेतीन वर्षांच्या मुलाने नाकात हरभरा घातला आणि घरी काही सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी तो आत फुगलेला! डॉक्टरांनी चिमट्याने काढला. हरभरे मीच मोजायला दिले होते. तेव्हापासून मला कडधान्याची परात दिसली की घाम फुटतो. दुसरं म्हणजे ते पाण्यात फुगणारे रंगीत मणी. गिळले तर आतड्यात फुगून अडकतात. ते असतील तर क्लास त्याच दिवशी सोड.

सासूबाईंना सांग की त्यांच्या हातचं मालिश हाही तोच खेळ आहे, आणि तळहातावरचा मोराचा खेळही. फक्त नाकाकानात तेल नको, धुरीही नको.

काळजी केव्हा करायची? आवाजाकडे वळून बघत नसेल, एकच हात वापरत असेल, अंग फार ताठ किंवा फार सैल वाटत असेल, जेली सोड, पण कपडे, आंघोळ, कुशीत घेणंही रोज नकोसं होत असेल, किंवा येत असलेलं काही विसरली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखव. आधी जन्मलेल्या बाळांची कानांची तपासणी झाली नसेल तर तीही करून घे.

प्रश्न : मुलगा दहा महिन्यांचा. आमच्याकडे लांज्याला असले क्लास नाहीत. पुण्याची भावंडं व्हिडिओ पाठवतात. आमच्या पोराचं नुकसान होतंय का?
— एक बाबा, लांजा

उत्तर : छे हो! आम्ही बालवाडीवाल्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांच्या पठडीतल्या. माँटेसरी पद्धतीची महागडी शिकण्याची खेळणी परवडेनात, तेव्हा १९४५ पासून बोर्डीत त्यांनी शंख-शिंपले, पानं, बिया, खडे वापरून काम चालवलं. अर्थात तुमचा मुलगा लहान आहे, त्याला बिया-खडे नकोतच. सव्वा इंच रुंदीच्या भोकातून जाईल अशी कुठलीही वस्तू त्याच्या हाती नको.

त्याला पळी द्या आणि पालथं पातेलं द्या. घासून गुळगुळीत केलेल्या दोन करवंट्या द्या. परातीत बोटभर कोमट पाणी द्या, पण जवळून उठायचं नाही, फोन आला तरी नाही, एवढ्याशा पाण्यातही बाळ बुडतं. आणि पावसाळ्यात तर तुमच्या पागोळ्या आहेत. कडेवर घेऊन पडवीत उभे राहा आणि धारेखाली त्याला हात धरू दे. आधी हात मागे घेईल, मग तुमच्याकडे बघेल, मग पुन्हा पुढे करेल. घाई करू नका. आणि विळी आजच उंचावर ठेवा.