महिलांच्या ५० मीटर बटरफ्लायमध्ये सारा शोस्ट्रॉम इतकी वर्षं कशी जिंकत राहिली?

बटरफ्लाय म्हणजे दोन्ही हात एकदम पाण्यावरून पुढे टाकत पोहण्याचा प्रकार. स्वीडनच्या साराने जागतिक जलतरण स्पर्धेत ही शर्यत २०१५ ते २०२४ सलग सहा वेळा जिंकली. तिचा २४.४३ सेकंदांचा विश्वविक्रम तर जुलै २०१४ मधला, बोरोस इथल्या स्वीडिश राष्ट्रीय स्पर्धेतला.

मुळात या शर्यतीत चूक सुधारायला वेळच नसतो. ५० मीटरच्या तलावात वळणही नाही. उडी मारल्यावर जास्तीत जास्त १५ मीटर पाण्याखाली डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून एकदम मारलेली लाथ) मारत जाता येतं, त्याआधी डोकं वर यायलाच हवं. पुढे श्वासासाठी मान उचलली की कंबर खाली जाते आणि वेग पडतो, म्हणून बऱ्याच जणी एखादाच श्वास घेतात किंवा घेतच नाहीत. शेवटी दोन्ही हात एकदम भिंतीला लागले पाहिजेत. तिथे स्ट्रोक (हातांचा फटका) अर्धवट पडला तर पदक गेलंच समजा. साराची खरी ताकद मला वर आल्यानंतरच्या टप्प्यात दिसते: हातांची लय शेवटपर्यंत तुटत नाही.

२०२५ मध्ये सिंगापूरच्या जागतिक स्पर्धेत ती नव्हती, तिथे अमेरिकेची ग्रेचेन वॉल्श जिंकली. ऑलिंपिकमध्ये मात्र ५० मीटर बटरफ्लाय पहिल्यांदा २०२८ ला, लॉस एंजेलिसमध्ये येणार आहे. फारच उशीर केला, असं माझं मत.