कामठा शिकायला निघालीस म्हणून

पोरी,

पुढच्या महिन्यात धडगावकडे त्या कारागीर बाबांकडे कामठा, म्हणजे बांबूचं धनुष्य, बनवायला शिकायला चाललीयेस म्हणे, मस्त, पण यूट्यूब बघून रांधा, कानस, चार तऱ्हेच्या पटाश्या अशी जी ऑनलाइन खरेदी चालवलीयेस ना ती आधी थांबव. बाबांकडे एक विळा आणि फुटक्या काचेचा तुकडा आहे, तेवढ्यावर चालतं.

पहिले काही दिवस बांबू निवडण्यातच जातील, कंटाळू नकोस. मानवेल घ्यायचा, आतून जवळजवळ भरीव असतो, आणि निदान तीन वर्षांचा, कोवळा घेतलास तर वाळताना आक्रसतो. तोड थंडीत, तेव्हा भुंगा कमी लागतो. (जंगलातला परवानगीशिवाय तोडायचा नाही हं, 2017 ला कायदा बदलला तो जंगलाबाहेरच्या बांबूपुरता, तेव्हा कुणाच्या बांधावरचा विकत घे.)

आता मेन गोष्ट. हिरवी साल निशाणाकडे ठेवायची, सगळा ताण तिच्यावर येतो आणि चिवट तंतू तिथेच दाटीनं असतात, म्हणून तिला हात लावायचा नाही. तासायचं ते आतून. आणि इथेच सगळे फसतात, कारण जाडी 10 टक्के कमी केली की ताठपणा 10 नाही, जवळजवळ 27 टक्के जातो. रुंदीचं तसं नाही, ती 10 टक्के घटली तर 10 च. हे गणित मी कॉलेजात शिकलेलो, तरी पहिल्या कामठ्याला खालची बाजू ताठ वाटली म्हणून ती घासली, मग वरची ताठ वाटली म्हणून ती, परत खालची, संध्याकाळपर्यंत पोरांचं खेळणं झालं होतं. बाबा शेजारी बसून बघत होते, एक शब्द नाही बोलले, मला जाम राग आलेला. दुसरा कामठा उत्साहात एकदम पूर्ण ओढला, टक् आवाज आला आणि पेरापाशी गेला.

तर काचेनं थोडंसंच घासायचं, मग अर्धवट ओढून हळूच परत आणायचं असं वीस-तीसदा (बाण न लावता रिकामी दोरी कधी सोडू नकोस), मग लांबून वाक बघायचा. जिथे कोपरा दिसेल ती जागा आधीच नरम पडलीये, ती सोड, शेजारच्या ताठ जागी घास. बाबा निम्मा वेळ नुसते बघत बसतात, तो आळस नाही, तेच काम चाललेलं असतं.

दोरीपण बांबूच्या सालीचीच, ती मला अजून धड जमत नाही, तू शिकून ये आणि मला शिकव. कामठा वापरून झाला की दोरी उतरवून ठेवायची.

आणि कामठा काय भिंतीवर टांगायची वस्तू नाही, तिरंदाज लिंबा राम बांबूच्या धनुष्यावरच सुरुवात करून ऑलिम्पिकला गेला, अशाच साध्या धनुष्यांची स्पर्धा, इंडियन राउंड, आजही 30 आणि 50 मीटरवर खेळतात.

बाबा पैसे मागणार नाहीत, पण तुझ्यापायी त्यांचा दिवस बुडतो, तेव्हा मजुरी रोजच्या रोज दे, शेवटी पाकिटात घालून नको. आणि घोंगडी ने, तिकडे मरणाची थंडी असते.

काका