एमआरची (औषध कंपनीच्या मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हची) नोकरी धरतोयस तर आधी हे बघ
अरे भावा, ऑफर लेटर बघून हुरळू नकोस, आधी विचार की बॅगेत कुठली औषधं येणार. सन, सिप्ला, मॅनकाइंड नावं मोठी हायत पण आत डिव्हिजन वेगवेगळ्या, शुगर-बीपीवाली मिळाली तर पेशंट दर महिन्याला तीच गोळी नेतो, अँटिबायोटिकवाल्याचा सेल पाऊसपाणी बघून वरखाली. शेड्यूल्ड (सरकारच्या किंमत-नियंत्रण यादीतलं) औषध असेल तर किमतीची कमाल मर्यादा एनपीपीए ही सरकारी संस्था ठरवते, बाकीच्यांची एमआरपी कंपनी वर्षात 10 टक्क्यांपर्यंतच वाढवू शकते, म्हणजे टार्गेट फुगलं की बराचसा भार जास्त स्ट्रिपा खपवण्यावर (मॅनेजर हे इंटरव्ह्यूत सांगत नाही). डॉक्टरला गिफ्ट दिलं की काम होतंय असं कोण म्हणालं तर ऐकू नको, 2024 च्या सरकारी कोडमध्ये ते बंद हाय. बेळगाव जिल्ह्यात खानापुरात मराठीवर भागतंय, पण गोकाक, सौंदत्तीला कन्नड लागतंयच, आत्तापासून शीक. आणि डॉक्टरच्या आधी केमिस्टकडं जा, कुठली चिठ्ठी जास्त येते ते त्यालाच ठाऊक, दहा मिनिटं उभं राहिलास तरी कळतंय. निपाणी-चिकोडी तुझ्या एरियातच जोडलंय का आणि टीए-डीए (प्रवास आणि रोजचा भत्ता) किती, ते मात्र लेखी घे.