श्वानसल्ला : रानडुकराशी गाठ

या वेळी रानडुक्कर आणि कुत्रा याच विषयावरची पत्रं घेतली आहेत. चार टेक्सासमधल्या मराठी वाचकांची, दोन इकडची. आधी कायद्याचं सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोळ नको. अमेरिकेत डुक्कर मूळचं नाही. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आणलेली डुकरं सुटून रानटी झाली आणि आज तिथे ती उपद्रवी मानली जातात. टेक्सासात खासगी जमिनीवर, मालकाची परवानगी असेल तर, 2019 पासून त्यांच्यासाठी शिकारीचा परवानाही लागत नाही. कुत्री वापरायला मुभा आहे. आपल्याकडे रानडुक्कर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहे. त्याच्यावर कुत्री सोडणं, त्याला हाकणं, फासे लावणं हे सगळं ‘शिकार’ या व्याख्येतच येतं. पीक नासवणाऱ्या डुकरांबाबत परवानगी वनखात्याकडून घ्यायची, कुत्र्याकडून नव्हे!

प्रश्न : ऑस्टिनजवळ आमची 40 एकर जमीन आहे. डुकरं बाहेर काढायला शेजारी कुत्री घेऊन येतो. त्याच्या एका कुत्रीला सहा वर्षांत दोनदाच टाके पडले. तिच्याच वेतातला भाऊ मात्र सारखा फाटून येतो. हे नशीब म्हणायचं का?

उत्तर : नशीब थोडं, अंतर जास्त. डुकरावर काम करणाऱ्या कुत्र्यांचे तिथे दोन प्रकार मानतात. ‘बे डॉग’ डुक्कर शोधतो आणि भुंकून जागेवर रोखून धरतो. ‘कॅच डॉग’ दोरीवर मागे असतो आणि शेवटी सोडला की कान धरतो. कॅटाहूला (1979 पासून लुइझियानाचा राज्य-श्वान), ब्लॅक माउथ कर, टेक्सासचा ब्लू लेसी, नॉर्थ कॅरोलिनाचा प्लॉट हाउंड ही पहिल्या कामाची कुत्री. अमेरिकन बुलडॉग, पिटबुल, डोगो अर्जेंटिनो दुसऱ्या कामाची. तुमच्या शेजाऱ्याची कुत्री ‘लूज’ बे करत असणार, म्हणजे डुकराला तोंड न लावता दीड-दोन मीटरवरून भुंकणारी. भाऊ ‘रफ’ असणार. त्याला संधी दिसली की तो चावतो.

दीड-दोन मीटरच का, ते डुकराच्या तोंडात बघा. नराचे खालचे सुळे जन्मभर वाढतात आणि वरच्या सुळ्यांवर घासून धार धरतात. तोंड नुसतं उघडमीट केलं तरी सुरीला पाणी दिल्यासारखं होतं. वार खालून वर आणि बाजूला, मानेच्या एका झटक्यात. म्हणून जखमा ठरावीक जागी येतात : छाती, बगल, मान, पोट, जांघेची आतली बाजू. मादीचे सुळे आखूड. ती उडवत नाही, चावते आणि पाय चेचते. कुत्रा मानेच्या झटक्याच्या टप्प्याबाहेर असेल तर डुकराला पुढे यावं लागतं आणि तेवढ्यात कुत्र्याला हलता येतं.

पण हलायचं कसं, यात खरी मेख आहे. डुक्कर पहिले दोन-तीन मीटर सरळ आणि फार वेगात येतं. सरळ मागे सरकणारा कुत्रा त्यात सापडतोच. जाणता कुत्रा तोंडासमोर उभा राहत नाही. तो डोळ्याच्या रेषेत, जरा कडेला राहतो आणि डुक्कर निघालं की बाजूला घसरतो. त्याच्या मागे मोकळी जागा असते, ती तो आधीच बघून ठेवतो. म्हणून दाट झुडपात, फ्लोरिडाच्या पाल्मेटोत (बुटक्या ताडाच्या जाळीत) किंवा ओढ्याच्या घळीत चांगली कुत्रीही फाटतात. तिथे मागे वळायला वाव नसतो. पाणी तर त्याहून वाईट. छातीभर पाण्यात डुकराचे पाय तळाला टेकलेले असतात आणि कुत्रा पोहत असतो. डुक्कर तळ्यात उतरलं की कुत्री परत बोलवायची, हुज्जत घालायची नाही.

बाकी दोष माणसांचा. एक, कुत्री जास्त. दोन-तीन बे डॉग पुरतात. सहा-सात झाले की प्रत्येकाला जोर चढतो, डुकराला निघायला फट राहत नाही आणि कोंडलेलं डुक्कर मारतंच. दोन, माणसं उशिरा पोचतात. अर्ध्या तासाच्या भुंकण्यानंतर कुत्र्याचे पाय जड होतात आणि घसरण्याला अर्धा क्षण उशीर होतो. तीन, प्रत्येक वेळी शेवट कॅच डॉगनं करायचा. मागून पळत येणाऱ्या पावलांचा आवाज आला की आता पकड होणार, हे बे डॉग शिकतो आणि आधीच उडी घेतो. शेजाऱ्याच्या त्या भावाला कधी वार बसतो ते एकदा विचारा. बहुधा कॅच डॉग सुटल्यावरच बसत असेल. अधूनमधून बे करून घेऊन, कॅच डॉग न सोडता, कुत्र्यांना दोरी लावून मागे न्यावं. डुक्कर गेलं तर जाऊ द्यावं.

प्रश्न : आठ महिन्यांचा कॅटाहूला आहे. कोंडवाड्यात लहान डुक्कर दाखवलं तर थेट कानाला जाऊन धरतो. मित्र म्हणतात, वाघ आहे. पुढे काय करू? (डॅलस)

उत्तर : बे डॉग करायचा असेल तर ही वाघगिरी आत्ताच मोडा. लुइझियानात विनफील्डला 1995 पासून ‘अंकल अर्ल्स हॉग डॉग ट्रायल्स’ भरतात. तिथेही डुकराला तोंड लावणाऱ्या कुत्र्याचे गुण कापले जातात.

पहिली चूक बहुधा कोंडवाड्याची. छोट्या कुंपणात डुक्कर कोपऱ्यात अडतं, पळू शकत नाही आणि पिल्लाला वाटतं की अडलेलं धरायचंच असतं. निदान अर्धा एकर मोकळं, मध्ये झाडं असलेलं कुंपण बघा. डुक्कर 15-20 किलोचं, सुळे नसलेलं, पण चपळ आणि उलटून अंगावर येणारं हवं. मुकाट उभं राहणारं नको, त्याच्यापुढे पिल्लू नको ते धाडस शिकतं. आठवड्यातून एकदा, पाच ते दहा मिनिटं, आणि एकट्यालाच. कळपात पिल्लं एकमेकांच्या जोरावर उडी घेतात. त्याला आणखी भुंकायचं असतानाच बाहेर काढा.

धरलंच तर ओरडू नका. तुमचा आरडाओरडा त्याला ‘मालकही सामील झाला’ असा ऐकू येतो. गळ्यात पाच मीटरची हलकी दोरी ठेवा, जवळ जाऊन गप्पपणे सोडवा आणि त्या दिवसाचं काम तिथेच संपवा. भुंकत दूर राहिला तरच पुढची मिनिटं मिळतात, हे त्याला तीन-चार आठवड्यांत कळतं. कळलं नाही तर तो जातीनं कॅच डॉगच आहे असं समजा. बे डॉग म्हणून रानात नेलात तर लवकर मरेल.

रानात वर्षाच्या आत नेऊ नका, हाडांची वाढ पुरी झालेली नसते. नेलं तर पहिले पाच-सहा फेरे एखाद्या शांत, लूज बे करणाऱ्या म्हाताऱ्या कुत्रीबरोबर. पिल्लं नक्कल करतात, रफ कुत्र्याचीही करतात. दीड वर्षाचा होईपर्यंत कॅच डॉग त्याच्या नजरेसमोर सोडू नका. आणि एक, कोंडवाड्यातल्या सरावावर काही राज्यांत बंदी आहे, तेवढी चौकशी आधी करून घ्या.

प्रश्न : कट व्हेस्ट (सुळ्याच्या वारापासून वाचवणारं जाड जाकीट) घातलं की कुत्रा सुरक्षित का? (ह्यूस्टन)

उत्तर : कॅच डॉगला व्हेस्ट आणि रुंद गळपट्टा हवाच. तो टप्प्याच्या आतच काम करतो. मानेच्या शिरा झाकणारा चार बोटं रुंदीचा, थरांचा गळपट्टा आम्ही व्हेस्टच्याही आधी घ्यायला सांगतो. बॅलिस्टिक नायलॉनचं किंवा केवलार थरांचं व्हेस्ट सुळ्याची धार अडवतं, धडक अडवत नाही. वरून ओरखडाही नाही आणि आत बरगडी मोडलेली, असं घडतं. काम झाल्यावर व्हेस्ट काढून दोन्ही बाजूंच्या बरगड्यांवरून तळहात फिरवा, पोट दाबून बघा, हिरड्या बघा. हिरडी बोटानं दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर आत रक्तस्राव असू शकतो, थेट दवाखाना.

मापात दोन चुका नेहमीच्या. छातीपुढचा भाग सैल राहिला की पुढचा पाय त्यात अडकतो. पोटाचा पट्टा लोंबला की काटेरी फांदी त्यात शिरून कुत्रा डुकरासमोरच बांधला जातो. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढं घट्ट ठेवा. कॅच डॉगला कानच धरायला आणि धरल्यावर डुकराच्या खांद्याला खांदा लावून समांतर राहायला शिकवलेलं हवं. समोरून नाक धरणारा सुळ्यांच्या दारातच उभा असतो. सोडायचा तो 30-40 मीटरवरून, डुक्कर दिसत असताना, आणि माणसांनी मिनिटभरात मागचे पाय धरायला पोचायचं.

बे डॉगला मात्र जाड व्हेस्ट आम्ही देत नाही. तो मैलोन्‌मैल पळतो आणि टेक्सासच्या उन्हात त्याला उष्माघात सुळ्याआधी गाठतो. कुत्र्याचं ताप नसतानाचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट. 106 च्या वर गेलं की अवयव निकामी व्हायला लागतात. जीभ रुंद होऊन टोकाशी वाकलेली, घट्ट लाळ, पाय लटपटणं दिसलं की व्हेस्ट काढा, अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि तसंच दवाखान्याकडे निघा. 103.5 वर आलं की ओतणं थांबवा, नाहीतर ते जास्तच खाली घसरतं. उन्हाळ्यात काम रात्रीच करा.

प्रश्न : काजूच्या बागेत राखणीला गावठी कुत्रा आहे. डुकरानं जांघेत बोट जाईल एवढं भोक पाडलं. रक्त थांबलं, जेवतो. हळद भरली आहे. दवाखाना 25 किलोमीटरवर. पुरे का? (कुडाळजवळून)

उत्तर : पुरे नाही, आजच न्या. सुळा कातडीत शिरल्यावर डुक्कर मान झटकतं, त्यामुळे वर रुपयाएवढं भोक आणि खाली कातडी मांसापासून सुटून तळहाताएवढी पोकळी असं होतं. माती, केस, डुकराची लाळ आतच राहते. तीन ते पाच दिवसांत ती जागा सुजते आणि पू होतो. हळद, कॉफीची पूड, चुना, राख यांचे कण त्याच पोकळीत बसतात आणि डॉक्टरला आधी ते खरवडावे लागतात.

निघण्याआधी एवढं करा. तोंडाला मऊ पट्टी बांधा, दुखलं की लाडका कुत्राही चावतो. श्वास लागला असेल किंवा उलटी होत असेल तर मात्र बांधू नका. केस कापा. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालून 20 मिलीच्या सिरिंजनं जखम धुवा. वर स्वच्छ कापड. छाती किंवा पोटाला भोक असेल तर धुवायचं नाही. छातीच्या भोकातून हवेचा आवाज येत असेल तर स्वच्छ प्लास्टिक ठेवून तीन बाजूंनी चिकटवा. आतडी बाहेर आली असतील तर आत ढकलू नका, ओल्या कपड्यात गुंडाळा. घरचं पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन अजिबात नको, कुत्र्याला ती विषच. घरी टाके किंवा स्टेपलर मारून तोंड बंद करू नका, पू आतच कोंडतो. रेबीजची लस झालेली असली तरी डॉक्टरांना जंगली जनावराची जखम आहे असं सांगा, जादा डोस द्यायचा का ते ठरवतील.

बरा झाल्यावर रात्री त्याला मोकळा सोडू नका. कुंपणाच्या आत, जरा उंचावर बांधा, भुंकण्याचं काम तिथूनही होतं. मोकळा कुत्रा डुकरामागे जाळीत शिरतो, आणि तिथे डुकरासाठी लावलेली फासकी असते किंवा आमिषात दडवलेला गावठी बॉम्ब. फासकीची तार कापायला पक्कड बागेत ठेवाच. तार पोटाभोवती आवळली असेल तर कापून डॉक्टरकडे न्या, वरून कातडी ठीक दिसते पण खालचं मांस मरत असतं.

प्रश्न : उसाच्या राखणीला कारवान जातीचा कुत्रा आणावा का? (कराड)

उत्तर : नको. कारवान काय, मुधोळ काय, दोघंही मोकळ्या माळावर नजरेनं पळून गाठणारे. भुंकून रोखणं त्यांच्या रक्तात नाही. कातडी पातळ, बाभळीच्या काट्यानंही फाटते. उसाच्या सरीत तर दोन हातांपुढे दिसत नाही आणि मागे फिरायला जागा नाही. वर ज्या घळीबद्दल लिहिलं, तीच ही. राखणीला भुंकणारा गावठी कुत्रा बरा, तोही उसाबाहेर.

प्रश्न : डुकराचं कच्चं मांस कुत्र्यांना घातलं तर चालतं का? (टेक्सासचेच वाचक, ह्यूस्टन)

उत्तर : नाही. अमेरिकेतल्या रानटी डुकरांत स्यूडोरेबीजचा (नाव सारखं, पण रेबीज नव्हे) विषाणू आहे. व्यावसायिक पाळीव डुकरांतून तो 2004 पर्यंत घालवला गेला, रानातून नाही. कुत्र्याला तो मांसातून, लाळेतून, चाव्यातून लागतो. तोंड नाहीतर मान इतकी खाजते की कुत्रा स्वतःची कातडी ओरबाडतो आणि लक्षणं सुरू झाल्यावर साधारण दोन दिवसांत मरतो. यावर उपचार नाही, आणि अमेरिकेत कुत्र्यांसाठी मान्यताप्राप्त लसही नाही. ब्रुसेला सुइस हा जिवाणू त्याच वाटेनं येतो, आणि तो माणसालाही लागतो. नर कुत्र्याचा वृषण सुजला किंवा पाठ धरली तर त्याची तपासणी सांगा. डुक्कर सोलताना रबरी हातमोजे घाला, आतडी कुत्र्यांसमोर टाकू नका. मांस घालायचंच तर पुरं शिजवून, हाडं काढून.