अकरा वाजता सायकल सावलीत

प्रिय भाऊ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर जळगावहून धुळ्याला एकटा निघालास, तेही सकाळी आठला. दुपारी एकला पारोळ्याच्या अलीकडे सायकल आडवी टाकलीस आणि पिकअपमध्ये बसून घरी आलास. आता म्हणतोस, 'पाय कमी पडले, हे माझं काम नाही.' अरे, पायांचा काय संबंध? आठला कोण निघतं?

चैत्र-वैशाखात आपल्याकडे ऊन चढलं की तापीच्या खोऱ्यात पश्चिमेचा वारा सुटतो. तू पश्चिमेलाच चाललेला, म्हणजे तो तुझ्या छातीवर. साक्रीकडे पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. पहाटे तोच रस्ता निपचित असतो. बांभोरीचा गिरणेवरचा पूल अंधारात ओलांडायचा, एरंडोलला न्यारी करायची आणि अकराला, जिथे असशील तिथे, सायकल सावलीत. चारच्या आत पुन्हा बाहेर काढायची नाही. धुळं 95-एक किलोमीटर आहे, ते एका दिवसात गाठायलाच हवं असं कुणी सांगितलं तुला?

मी हे शिकलो ते शिरपूर-शहादा रस्त्यावर. तेव्हा वहीत रोजच्या किलोमीटरचा आकडा लिहायचो. त्या दिवशीचा आकडा होता 130. बारा वाजले, साडेबारा झाले, मी चालवतोच आहे. ब्रेकच्या दांडीला बोट लावलं की चटका बसायचा. सदऱ्याच्या पाठीवर मिठाचा पांढरा नकाशा उमटलेला. मग घाम यायचा थांबला आणि त्या उन्हात अंगावर काटा आला. मला वाटलं, बरं झालं, गार वाटतंय. ते गार वाटणं नव्हतं, पोरा. शरीराने हात टेकले होते. मी पडलो तो एका घरासमोर. ओसरीपुढे खाटेवर बिबड्याचे पापड वाळत घातलेले, एवढंच आठवतं. त्या घरच्या आजीने ओलं पोतं मानेवर टाकलं, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं आणि विचारलं, "इतल्या उनमा कथा चालना रे भाऊ?" मला गावाचं नाव सांगता येईना. 130 तेवढं आठवत होतं.

नुसतं पाणी ढोसू नकोस, हेही तिथलंच. घामातून मीठ जातं, ते परत घालावं लागतं. बाकी काटा, पंक्चर, सोल्युशन हे तुला येतं, त्यावर लिहीत नाही.

त्यानंतर अकराचा नियम मी एकदाही मोडला नाही. भाचीच्या हळदीला सायकलवर निघालो होतो, गाव 14 किलोमीटर राहिलं आणि अकरा वाजले. थांबलो. पोचलो तोवर हळद उतरली होती. बहीण अजून ऐकवते की मामाला भाचीपेक्षा घड्याळ प्यारं. तिला दुखलं, ते मलाही लागलं, अजून लागतं. आदल्या रात्रीच निघायला हवं होतं, ती चूक माझीच. पण थांबलो ती चूक नव्हती. 14 किलोमीटर म्हणजे त्या वाऱ्यात दीड तास, आणि मी तो दीड तास एकदा भोगला आहे. तीन वर्षांनी एका मित्रानेही हेच काढून भांडण केलं. करू दे.

तुला वाटेल, म्हातारा एकच गाणं लावून बसलाय. हो, बसलोय. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या पुढे जातो, तिथे तुझी जिद्द कोण विचारतो? जिद्द असेल तर ती पहाटे साडेतीनला अंथरूण सोडताना दाखव. तिथे कोणी बघत नसतं, फोटो निघत नाही, म्हणून तुम्हाला ते जड जातं. अकराला सावली. पारोळा दोन किलोमीटरवर दिसत असलं तरी अकराला सावली.

रागावलोय असं समजू नकोस. तू एकटा निघालास, वाटेत कुणालाही फोन न करता तीस-चाळीस किलोमीटर वाऱ्याशी झगडलास, हे मला फार आवडलंय. म्हणूनच तू 'माझं काम नाही' म्हणालास ते सहन झालं नाही.

रविवारी पहाटे चारला नाक्यावर ये. पुढचा दिवा, मागचा लाल दिवा आणि चमकणारं जाकीट असल्याशिवाय मी हायवेवर नेणार नाही, ट्रकवाल्याला अंधारात तू दिसला पाहिजेस. हवा आदल्या रात्रीच भरून ठेव. पाळधीपर्यंत मी सोबत येतो, माझा गुडघा तेवढाच साथ देतो. पुढे तू एकटा. अकराला जिथे असशील तिथून फोन कर, मी वाट बघेन.

तुझा,
काका