ब्रेकिंग न्यूज कोणती वाहिनी चांगली देते, हे कसे ठरवावे?

कोणती वृत्तवाहिनी ब्रेकिंग न्यूज सर्वांत चांगली देते, आणि ते ठरवताना टीआरपीकडे पाहावे की बातमी सर्वांआधी कोणी दिली याकडे, असे आपण विचारले आहे. वृत्तवाहिनीच्या असाइनमेंट डेस्कवर, म्हणजे वार्ताहरांना कामे वाटून देणाऱ्या विभागात, बरीच वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की या दोन्हींवरून फारसे काही कळत नाही. जे अजून ठाऊक झालेले नाही त्याविषयी वाहिनी काय बोलते, आणि चुकीचे सांगून झालेले परत कसे घेते, यावर तिची परीक्षा करावी.

टीआरपीचा विषय आधी संपवतो. बार्क ही संस्था निवडक घरांत मीटर बसवून कोणती वाहिनी किती वेळ लावली गेली हे मोजते. त्या वेळात पडद्यावर जे दिसले ते खरे होते की खोटे, याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांचा टीआरपी घोटाळ्याचा तपास समोर आल्यावर बार्कने वृत्तवाहिन्यांचे आकडे देणे थांबवले आणि ते मार्च 2022 मध्ये पुन्हा सुरू केले. मधल्या काळात दर गुरुवारी येणाऱ्या आकड्याची धास्ती नव्हती, तरी पडद्यावरचा आरडाओरडा कमी झालेला मला दिसला नाही, त्यामुळे सगळे खापर टीआरपीवर फोडणेही मला पटत नाही.

‘सर्वांत आधी’ हा दावा अधिक फसवा असतो, कारण अनेकदा सगळ्या वाहिन्यांना माहिती एकाच ठिकाणाहून मिळालेली असते. 7 नोव्हेंबर 2000 च्या रात्री, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे निकाल येत असताना, अमेरिकेतील मोठ्या नेटवर्कांनी फ्लोरिडा राज्य अल गोर यांनी जिंकल्याचे जाहीर केले, काही तासांनी ते मागे घेतले, मध्यरात्र उलटल्यावर तेच राज्य जॉर्ज बुश यांच्या पदरात टाकून त्यांना राष्ट्राध्यक्ष ठरवले, आणि पहाटे तेही मागे घेतले. बहुतेक नेटवर्कांचे निर्णय घेणारे चमू वेगवेगळे होते, परंतु आकडे मात्र ‘व्होटर न्यूज सर्व्हिस’ या सामाईक संस्थेकडून येत होते. प्रेक्षकाने चार वाहिन्या फिरवून पाहिल्या आणि चारही ठिकाणी तेच दिसले, म्हणून खात्री झाली असे मानले असेल, तर प्रत्यक्षात त्याने एकच स्रोत चार वेळा पाहिला होता. आपल्याकडे एएनआय किंवा पीटीआय या वृत्तसंस्थांच्या एका ओळीवर किंवा एका दृश्यावर जेव्हा सगळ्या वाहिन्या एकाच मिनिटात लाल पट्टी लावतात, तेव्हाही हेच घडत असते. म्हणून ‘सगळीकडे दाखवत आहेत’ हा पुरावा धरू नये.

महाराष्ट्रात याचे ठसठशीत उदाहरण 23 नोव्हेंबर 2019 ची सकाळ आहे. आदल्या रात्रीपर्यंत मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झाल्याची बातमी सर्वत्र चालली होती, नेत्यांच्या घरांबाहेर थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅन उभ्या होत्या, आणि सकाळी आठच्या सुमारास राजभवनातून देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांच्या शपथविधीची दृश्ये आली. ती बातमी हुकली, याचा दोष मी कोणालाही देत नाही, कारण ती लपवूनच केली गेली होती. परीक्षा होती ती त्यानंतरच्या दिवसाची. अजित पवारांसोबत नेमके किती आमदार आहेत हे त्या दिवशी खात्रीने कोणालाच सांगता येत नव्हते, पण पडद्यावर मात्र निरनिराळे आकडे ठामपणे फिरत होते. ज्या वार्ताहरांनी ‘हा अमुक गटाचा दावा आहे, स्वतंत्र दुजोरा नाही’ असे प्रत्येक आकड्यासोबत सांगितले, त्यांचे वार्तांकन तीनच दिवसांनी, म्हणजे फडणवीसांनी राजीनामा दिल्यावरही, पुन्हा ऐकण्यासारखे राहिले असते.

खरी कसोटी मात्र जिवाशी गाठ असलेल्या बातमीत लागते, आणि तिथे 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्रीपासूनचे सुमारे साठ तास आजही अभ्यासण्यासारखे आहेत. सुरुवातीला कुलाब्यातील गोळीबार हे टोळीयुद्ध असावे असे सांगितले गेले. पहिल्या अर्ध्या तासातला असा अंदाज मी क्षम्य मानतो, मात्र तो अंदाज आहे असे म्हटलेले असले पाहिजे. त्यापुढचे क्षम्य नव्हते. ताज आणि ट्रायडंटबाहेर कॅमेरे रोखलेले होते, नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे एनएसजीचे कमांडो देशभर थेट दिसले, आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार दूरचित्रवाणी पाहून आतल्या हल्लेखोरांना फोनवरून सूचना देत असल्याचे ध्वनिमुद्रित संभाषणांतून पुढे स्पष्ट झाले. कसाबचे अपील फेटाळताना 29 ऑगस्ट 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. वाहिन्यांनी त्यातून कोणतेही राष्ट्रहित वा समाजहित साधले नाही, उलट स्वतःच्या व्यावसायिक हितासाठी सुरक्षेला धोका निर्माण केला, असा त्याचा आशय होता. 2015 मध्ये केबल नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपणाला मनाई झाली आणि नेमलेल्या अधिकाऱ्याच्या ठरावीक वेळच्या निवेदनापुरतेच वार्तांकन मर्यादित झाले. या नियमाला दुसरी बाजूही आहे, कारण सरकारी निवेदन हाच एकमेव स्रोत उरला की ते तपासून पाहण्याची सवयही सुटते. तरीही कॅमेरा कुठे उभा करायचा नाही हे ज्या संपादकाला नियमाशिवाय कळत नाही, त्याच्या वाहिनीला मी इतर बाबतींत कितीही गुण असले तरी वरच्या रांगेत बसवणार नाही.

त्यानंतरच्या सोळा-सतरा वर्षांत किती सुधारणा झाली याचे उत्तर 8 मे 2025 च्या रात्रीने दिले. भारत-पाकिस्तान संघर्ष चालू असताना अनेक राष्ट्रीय वाहिन्यांनी कराची बंदरावर नौदलाने हल्ला केल्याचे, इस्लामाबाद काबीज झाल्याचे, पाकिस्तानच्या लष्करप्रमुखांना अटक झाल्याचे सांगितले. यातले काहीही घडलेले नव्हते. सोबत दाखवलेली दृश्ये भलत्याच देशांतली व भलत्याच काळातली होती, आणि काही तर व्हिडिओ गेममधली होती. त्याहून वाईट असे की पूंछमध्ये पाकिस्तानी तोफगोळ्यांत मृत्यू पावलेल्या एका शिक्षकाला काही वाहिन्यांनी दहशतवादी ठरवले आणि स्थानिक पोलिसांना त्याचा इन्कार करावा लागला. त्या रात्री वाहिन्यांचे स्रोत पाहिले तर ‘सूत्रांची माहिती’ याखेरीज काही सापडत नाही. ‘सूत्र’ म्हणजे कोण, हे नाव न घेताही सांगता येते: संरक्षण मंत्रालयातील अधिकारी, तपासातील पोलीस, रुग्णालयातील डॉक्टर, पक्षाचा पदाधिकारी. एवढेही जी वाहिनी सांगत नाही, तिच्याकडे सांगण्यासारखा स्रोत बहुधा नसतोच.

स्रोत सांगितल्याने काय फरक पडतो ते 12 जून 2025 च्या अहमदाबाद विमान दुर्घटनेत दिसले. एअर इंडियाच्या त्या विमानात 242 जण होते, आणि कोणीही वाचल्याचे दिसत नाही असे पोलीस आयुक्तांनी प्रथम सांगितले. नंतर एक प्रवासी जिवंत असल्याचे कळले. ‘पोलीस आयुक्तांच्या म्हणण्यानुसार’ असे म्हणणारी वाहिनी आणि ‘सर्व 242 ठार’ अशी पट्टी लावणारी वाहिनी यांनी एकच माहिती दिली होती, पण पहिलीने आपल्या प्रेक्षकाला ती कितपत धरून बसावी हेही कळवले होते. बडा अधिकारी बोलला म्हणून ते सत्य होत नाही, आणि घटनेनंतरच्या पहिल्या काही तासांत तर त्यालाही पूर्ण चित्र दिसत नसते.

मृत्यूच्या बातमीत हा विवेक सर्वांत आधी सुटतो. विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात होते, तेव्हा नोव्हेंबर 2022 मध्ये त्यांच्या निधनाची बातमी देशभर चालली, श्रद्धांजल्याही वाहिल्या गेल्या, आणि कुटुंबीयांना ते हयात असल्याचे सांगावे लागले. त्यांचे निधन 26 नोव्हेंबरला झाले. इथे दुजोरा देऊ शकणारी दोनच ठिकाणे असतात, कुटुंब आणि रुग्णालय. त्यांपैकी एकाचेही नाव बातमीत नसेल तर ती बातमी नव्हे, मग तिच्यावर कितीही मोठ्या माणसाचे शोकसंदेश लागलेले असोत.

दुर्गम भागातल्या आपत्तीत मोजपट्टी थोडी बदलते, कारण तिथे वाहिनीचे जाळे किती खोल आहे याला महत्त्व येते. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले, ते प्रथम लक्षात आले एसटीच्या चालकाच्या, कुठल्या वार्ताहराच्या नव्हे. अशा ठिकाणी तालुक्याचा स्ट्रिंगर, म्हणजे पगारी नसलेला स्थानिक बातमीदार, जो बातमीमागे मिळणाऱ्या तुटपुंज्या पैशांवर स्वतःची मोटारसायकल घेऊन चिखलातून जातो, तोच वाहिनीचे खरे बळ असतो, आणि या बाबतीत मराठी वाहिन्या दिल्लीच्या वाहिन्यांपेक्षा सरस आहेत असे मी निःसंकोच म्हणेन. 2019 च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात कोणत्या रस्त्यावर पाणी आहे आणि कोणत्या गावात बोट पोहोचलेली नाही, हे मराठी वार्ताहरांकडून कळत होते. पाहताना एवढे लक्षात ठेवावे की ‘ग्राउंड झिरोवरून’ असे म्हणणारा प्रत्येक वार्ताहर तिथे असतोच असे नाही. फोनो, म्हणजे वार्ताहराचे फोनवरून थेट निवेदन, चालू असताना मागे फिरणारी दृश्ये ताजी आहेत की फाइलमधली, हे कोपऱ्यात लिहिलेले आहे का ते पाहावे. लिहिलेले नसेल आणि दर चाळीस सेकंदांनी तीच भिंत कोसळत असेल, तर वार्ताहर अजून वाटेत आहे.

आपल्याला स्वतःला तुलना करायची असेल तर पुढच्या मोठ्या घटनेच्या वेळी तीन वाहिन्या निवडा, त्यांत एक दूरदर्शन असू द्या, आणि पहिल्या तासापेक्षा तिसऱ्या व सहाव्या तासाला अधिक लक्ष द्या. पहिल्या तासात पट्टीवर आलेले चार-पाच ठाम दावे वेळेसह टिपून ठेवा आणि नंतर त्यांचे काय झाले ते शोधा. माझ्या अनुभवात बहुतेक दावे मागे घेतले जात नाहीत, ते गुपचूप नाहीसे होतात. 35 चा आकडा 22 होतो आणि निवेदक त्याविषयी अवाक्षर काढत नाही. जी वाहिनी निवेदकाच्या तोंडून, जितक्या मोठ्याने चूक सांगितली तितक्याच मोठ्याने, ‘आधी दिलेली माहिती चुकीची होती’ असे म्हणते, तिला मी दोन मिनिटे उशिरा बातमी दिल्याचा एकही गुण कापणार नाही. पट्टीवर एक आणि निवेदकाच्या तोंडी दुसरेच असेल, तर डेस्क आणि स्टुडिओ यांचा मेळ नाही, आणि अशा ठिकाणी चुका वाढत जातात.

एकाच वाहिनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. तीच वाहिनी पुरात उत्तम आणि युद्धात बेजबाबदार असू शकते, आणि संपादक बदलला की वर्षभरात सगळेच बदलते. टिपून ठेवलेल्या वेळांचा आणखी एक उपयोग आहे. गंभीर चूक आढळली तर आधी त्या वाहिनीकडे, प्रक्षेपणापासून सात दिवसांच्या आत, लेखी तक्रार करता येते, आणि समाधान झाले नाही तर वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे जाता येते. एनबीडीएसए ही त्यातली प्रमुख संस्था असून तिच्या दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये असल्याबद्दल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच नाराजी दाखवली होती. सगळ्या वाहिन्या तिच्या सदस्य नाहीत, त्यामुळे आपली वाहिनी कोणत्या संस्थेत आहे ते आधी पाहून घ्या. दंड किरकोळ असला तरी माफीनामा पडद्यावर दाखवण्याचा आणि संकेतस्थळावरून चित्रफीत काढून टाकण्याचा आदेश ती देऊ शकते. तक्रारीत कार्यक्रमाचे नाव, तारीख, वेळ आणि पट्टीवरचे नेमके शब्द लिहावेत, आणि जमल्यास पडद्याचे छायाचित्र जोडावे.